ओपनएपीआय विवरणातून एसडीके: हाताने केलेल्या सुधारणा पुढच्या निर्मितीत टिकवाव्यात कशा?

नमस्कार,

आमच्या एपीआयचे (इतर प्रोग्रामांना आमच्या सर्व्हरशी बोलता यावे यासाठीच्या विनंत्यांचे) विवरण ओपनएपीआय ३.० या प्रमाणित स्वरूपात लिहिलेले असून, त्यातून ओपनएपीआय जनरेटर या कोड बनवणाऱ्या साधनाच्या साहाय्याने पायथन, टाइपस्क्रिप्ट, जावा आणि गो या चार भाषांतील एसडीके (एपीआय वापरण्यासाठीची तयार लायब्ररी) तयार होतात. विवरण बदलले की चारही एसडीके सीआयमध्ये (प्रत्येक बदलानंतर आपोआप चालणाऱ्या बांधणीत) आपोआप नव्याने बनतात. इथपर्यंत तक्रारीला जागा नाही.

अडचण अशी की तयार झालेला कोड चालतो, पण वापरायला सोयीचा नाही. पानापानाने येणाऱ्या यादीचेच पाहा: पुढच्या पानाचा कर्सर (ते पान कुठून सुरू होते ही खूण) प्रतिसादात मिळतो, मात्र तो पुढच्या विनंतीत कुठल्या पॅरामीटरमधून पाठवायचा हे सांगणारी, खास पानांसाठीची सर्वमान्य तरतूद विवरणात नाही, त्यामुळे सगळी पाने ओढून आणणारे लूप प्रत्येक वापरकर्त्याला स्वतः लिहावे लागते. ४२९ (विनंत्या फार झाल्या हा संकेत) आल्यावर, किती वेळ थांबायचे हे सांगणारा रिट्राय-आफ्टर हेडर वाचून थांबणे, मग विनंती पुन्हा पाठवणे, याचीही तीच गत. या सोयी सध्या तयार कोडमध्येच हाताने लिहिल्या आहेत आणि त्या फाइली जनरेटरच्या इग्नोर यादीत, म्हणजे ज्यांना त्याने हात लावायचा नाही अशांत, घातल्या आहेत. त्यामुळे त्या पुसल्या जात नाहीत हे खरे, परंतु विवरणात भर पडलेले नवे एंडपॉइंटही (विनंती पाठवायचे पत्ते) त्यांच्यात उतरत नाहीत आणि दर आवृत्तीला हाताने जुळवाजुळव करावी लागते.

मला दोन मार्ग दिसतात. एक म्हणजे जनरेटर ज्यांवरून कोड लिहितो ते मस्टॅश साचे स्वतःकडे घेऊन बदलणे. पण भाषा चार म्हणून साच्यांचे संचही चार, आणि जनरेटरची आवृत्ती वाढवताना प्रत्येक संच मूळ साच्यांशी ताडून पाहणे आले. दुसरा म्हणजे तयार कोडला हातही न लावता त्यावर स्वतंत्र पातळ थर लिहिणे. माझा कल दुसऱ्याकडे आहे, तरी रिट्रायसारखी (विनंती पुन्हा पाठवण्यासारखी) गोष्ट त्या थरात शोभते का, याची खात्री वाटत नाही.

याखेरीज गोमध्ये वनऑफ (दिलेल्या स्कीमांपैकी, म्हणजे डेटाच्या रचनांपैकी, नेमकी एक) असलेला प्रतिसाद वाचताना, डेटा एकाहून अधिक स्कीमांशी जुळतो अशी त्रुटी येते. जावात तर एनममध्ये (ठरलेल्या मूल्यांच्या यादीत) सर्व्हरने नवे मूल्य आणले की जुन्या आवृत्तीचा एसडीके अख्खा प्रतिसाद नाकारतो. यांचा इलाज विवरणात करावा की जनरेटरच्या पर्यायांत? अनुभवी मंडळींनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १

रिट्राय साच्यातही नको आणि तुमच्या थरातही नको. ते एचटीटीपी क्लायंटचे काम आहे. पायथनचा तयार कोड यूआरएललिब३ वापरतो, त्याच्या रिट्राय वर्गाला रिट्राय-आफ्टर आधीच कळते आणि तो कॉन्फिगरेशनमधून देता येतो. इतर भाषांतही विनंती जाता-येता मध्ये हात घालणारा भाग असतो: जावात ओकेएचटीटीपीचा इंटरसेप्टर, गोमध्ये स्वतःचा राउंडट्रिपर, टाइपस्क्रिप्टमध्ये ॲक्सिऑसचा इंटरसेप्टर किंवा फेचच्या साच्यातील मिडलवेअर. मात्र पोस्ट विनंती पुन्हा पाठवण्याआधी सर्व्हर आयडेम्पोटन्सी की (तीच विनंती पुन्हा आल्याचे कळवणारी खूण) ओळखतो ना, हे पाहून घ्या, नाहीतर एकच नोंद दोनदा व्हायची.

पानांसाठी पातळ थरच योग्य, पण तो वेगळ्या पॅकेजात ठेवा. कर्सरचे नाव कुठले आणि नोंदींची यादी कुठल्या फील्डमध्ये, हे विवरणात 'एक्स-' ने सुरू होणाऱ्या विस्तारात लिहिलेत, तर त्या थराचा बराचसा भाग लहानशा स्क्रिप्टने तयार होतो.

वनऑफला डिस्क्रिमिनेटर (डेटाचा प्रकार सांगणारे फील्ड) द्या, त्याच्या कुठल्या मूल्याला कुठली स्कीमा हे मॅपिंग स्पष्ट लिहा आणि गोसाठी 'यूज वनऑफ डिस्क्रिमिनेटर लुकअप' हा पर्याय चालू करा. तो मुळात बंद असतो, म्हणून डिस्क्रिमिनेटर लिहूनही गोचा कोड सर्व स्कीमा पडताळत बसतो. जावातील एनमसाठी 'एनम अननोन डिफॉल्ट केस' आहे. त्याने अनोळखी मूल्य त्रुटी न ठरता एका राखीव मूल्यात जाते.

मूळ प्रश्नकर्ता

मनःपूर्वक आभार. रिट्रायचा मुद्दा पूर्ण पटला. एक शंका उरते: डिस्क्रिमिनेटरसाठी प्रकाराचे फील्ड अनिवार्य करावे लागेल, पण तीच स्कीमा आम्ही विनंतीच्या बॉडीतही वापरतो. मग जे जुने वापरकर्ते ते फील्ड पाठवत नाहीत, त्यांच्या विनंत्या अडणार नाहीत का?

प्रतिसाद २

सर्व्हर विवरणानुसार पडताळणी करत असेल तर नक्की अडतील. प्रतिसादात फील्ड अनिवार्य केल्याने जुने क्लायंट सहसा मोडत नाहीत, विनंतीत केल्याने मोडतात. म्हणून विनंतीची आणि प्रतिसादाची स्कीमा वेगळी करा. सामाईक फील्ड ऑलऑफने (अनेक स्कीमा एकत्र जोडणाऱ्या तरतुदीने) दोन्हींत घ्या आणि प्रकाराचे फील्ड फक्त प्रतिसादाकडे अनिवार्य ठेवा. यात मॉडेलांची नावे बदलतील, त्यामुळे सर्व्हरला धक्का लागला नाही तरी एसडीकेची मोठी आवृत्ती (आवृत्तीचा पहिला आकडा) वाढवावीच लागेल.