अँटिबॉडी नसताना पेशी व्हायरसला अडवते ती नेमकी कुठे?

प्रश्नकर्ता: बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला आहे. अँटिबॉडी, टी सेल सगळं शिकवून झालं, पण सर जाता जाता बोलले की पेशीची स्वतःची प्रोटीन्ससुद्धा व्हायरसला आत शिरू देत नाहीत. हे काही पटेना. व्हायरस पेशीच्याच रिसेप्टरला चिकटतो आणि पेशीच त्याला आत ओढून घेते ना, मग ती अडवणार कधी?

लॅबवाली: "आत" म्हणजे काय, तिथेच सगळी गोम आहे बघा. फ्लूचा व्हायरस पेशी गिळते खरी पण तो असतो एंडोसोम नावाच्या पिशवीत, म्हणजे अजून बाहेरच धरा. पिशवीत आम्ल वाढलं, पीएच साधारण 5 च्या आसपास आला, की त्याच्या पृष्ठभागावरचं हेमॅग्लुटिनिन प्रोटीन आकार बदलतं आणि दोन्ही मेम्ब्रेन (पातळ आवरणं, एक व्हायरसचं आणि एक पिशवीचं) एकमेकांत मिसळवायला लागतं. आयएफआयटीएम३ हे प्रोटीन नेमकं या पिशवीच्या मेम्ब्रेनमध्ये बसलेलं असतं, ते मेम्ब्रेन ताठ करतं. 2009 मध्ये एकेक जीन बंद करून बघताना हे सापडलं, हे जीन बंद केलं की फ्लूचं इन्फेक्शन वाढायचं. व्हायरसच्या मेम्ब्रेनला एक रंग आणि पोटात दुसरा रंग भरून बघितलं तर मेम्ब्रेनचा रंग पिशवीत पसरतो पण पोटातला बाहेर पडतच नाही, म्हणजे थर अर्धवट जुळले आणि भोक काही पडलं नाही. मग तो व्हायरस तसाच पुढे लायसोसोममध्ये, म्हणजे पेशीच्या पचवणाऱ्या पिशवीत, जाऊन नष्ट होतो. मला आजही हे फार सुंदर वाटतं.

प्रश्नकर्ता: मग फ्लू होतोच कसा?

लॅबवाली: कारण बऱ्याच पेशींत हे प्रोटीन आधी कमी असतं, शेजारच्या पेशीकडून इंटरफेरॉनचा (धोक्याचा इशारा देणाऱ्या प्रोटीनचा) निरोप आला की भराभर वाढतं, आणि फ्लूचं एनएस१ प्रोटीन तो निरोपच दाबायला बघतं, त्यामुळे आधी कोण पोचतं यावर सगळं. आणि सगळे व्हायरस अडत नाहीत, लासाचा व्हायरस याला दाद देत नाही. 2012 मध्ये फ्लूने हॉस्पिटलात भरती झालेल्यांमध्ये या जीनचा एक दुर्मिळ प्रकार जास्त दिसला होता, पण नंतरच्या सगळ्या अभ्यासांत तो संबंध दिसला नाही, पेपरात लिहिताना जपून.

जुना सभासद: एक भर घालतो, परीक्षेत मुलं इथे हमखास घोळ घालतात. एचआयव्ही ज्या सीसीआर५ रिसेप्टरला धरतो त्याच्या जीनचा 32 डीएनए अक्षरं गळालेला प्रकार शिरकाव अडवणाऱ्या प्रोटीन्समध्ये धरू नका, तिथे रिसेप्टरच पेशीवर येत नाही, अडवणारं प्रोटीन कुणी नाहीच. ट्रिम५अल्फा हे प्रोटीनसुद्धा नाही, ते व्हायरसचा गाभा आत उतरल्यावर पकडतं. सेरिंक५ हे प्रोटीन मात्र धरा, ते एचआयव्हीच्या नव्या कणात जाऊन बसतं आणि त्या कणाला पुढच्या पेशीशी जुळू देत नाही, म्हणून तर एचआयव्ही नेफ प्रोटीन वापरून त्याला बाजूला काढतो.

प्रश्नकर्ता: एवढं कामाचं आहे तर आयएफआयटीएम (आयएफआयटीएम३ ज्या कुटुंबातलं ते) सगळ्या पेशींत कायम भरपूर का नसतं?

जुना सभासद: कारण शरीराला स्वतःच्या पेशी पण जुळवाव्या लागतात. वारेत (प्लासेंटात) सिन्सिटिन नावाचं प्रोटीन पेशी एकत्र करून एक सलग थर बनवतं, आणि 2019 मध्ये दाखवलं की आयएफआयटीएम तेही थांबवतं. उंदरांच्या गर्भात इंटरफेरॉन वाढलं तेव्हा वार नीट तयार झाली नाही, पण आयएफआयटीएमची जीन्स काढून टाकलेल्या गर्भांचं बरंच कमी नुकसान झालं.