मदत हवी आहे: मासळी येते पण घरच्या ताटात राहत नाही, पैसे नेमके कशावर लावावेत?

मंडळी, जरा लांबलचक लिहितेय, सांभाळून घ्या. आमचा सात-आठ जणांचा ग्रुप आहे, संस्था-बिंस्था काही नाही, छोट्या होड्यांवर मासेमारी करणाऱ्या चाळीसेक कुटुंबांसोबत गेली दोन वर्षं जमेल तसं काम करतोय. सगळं घरच्या घरी चालतं, बाप-लेक होडीवर आणि मासळी किनाऱ्याला लागली की निवडणं, धुणं, सुकवणं, विकणं सगळं बायकांकडे. आता हाताशी थोडा फंड आलाय आणि त्यावरून आमच्यातच दोन तट पडलेत. एक गट म्हणतो इंजिनं आणि जाळी घेऊन द्या, मासळी वाढली की बाकीचं आपोआप सुटेल. मला ते पटत नाही, पण का पटत नाही ते धड मांडताही येत नाहीये.

मी जे बघितलं ते सांगते. मागच्या हंगामात एका घरी सकाळपासून बसले होते. दोन टोपल्या भरून आल्या. मोठी मासळी व्यापाऱ्याने नेली, त्याची उचल, म्हणजे आगाऊ घेतलेले पैसे, अंगावर आहे म्हटल्यावर भाव तोच ठरवणार, मधली बाजारात गेली, उरली बोटाएवढी बारीक, तर तीही कोंबड्यांच्या खाद्यासाठी कोणीतरी घमेल्याने घेऊन गेलं. दुपारी त्या घरातल्या तीन वर्षांच्या पोरीच्या वाट्याला नुसता रस्सा. आणि समुद्र खवळलेला असतो त्या दिवसांत तर विचारूच नका, होडी बंद म्हणजे पैसाही बंद आणि मासळीही, सुकवून ठेवलेली असते ती वाळूत वाळवलेली, निम्मीला किडे लागलेले.

आमच्या आधी एका संस्थेने मोठा डीप फ्रीझर देऊन ठेवलाय. वीज टिकत नाही, त्यामुळे आता त्यात जाळी ठेवतात, उंदीर लागत नाहीत म्हणे!

तर कोणी असं काम केलंय का? इंजिन नको तर मग काय, आणि आमच्या लोकांना कसं पटवू?

---

जुनी_होडी: ताई, इंजिनाचा हट्ट आधी सोडायला लावा. इंजिन आलं की डिझेल आलं, डिझेलसाठी परत उचल, म्हणजे व्यापाऱ्याचा फास अजून घट्ट. शिवाय चाळीस होड्या एकाच पट्ट्यात जास्त जोर लावून मारायला लागल्या तर दोन-तीन वर्षांत मासळीच कमी होणार, ती काय आपण इंजिन घेतलं म्हणून जास्त अंडी घालणार आहे का.

माझं मत, पहिला पैसा किनाऱ्यावर लावा. मासळी सुकवायला कमरेइतका उंच माच, वर जुनं जाळं ताणलेलं, खालून वारा खेळला पाहिजे. वाळू लागत नाही, कुत्री-कोंबड्या तोंड घालत नाहीत, लवकर सुकते, आणि बाईची कंबर वाचते ते वेगळंच. होडीवर झाकणाची बर्फपेटी द्या, गरम हवेत किलोला किलो बर्फ हा साधा हिशोब. मासळी फेकली जाते तेवढाच तोटा आपल्याला दिसतो, पण नरम पडल्यामुळे निम्म्या भावाला जाते तो तोटा कोणी मोजतच नाही.

मीठभाकर: ती घमेल्यातून गेलेली बारीक मासळी, तोच तुमचा मुद्दा आहे बघा. बारीक मासा डोक्या-काट्यासकट खाल्ला जातो, त्यामुळे कॅल्शियम, लोह, झिंक, अ जीवनसत्त्व हे मोठ्या माशाच्या तुकड्यापेक्षा त्यातून कितीतरी जास्त मिळतं. गरोदरपणापासून मूल दोन वर्षांचं होईपर्यंत याची गरज सगळ्यात जास्त. कडक सुकवून बारीक कुटली की चमचाभर पूड लहान मुलाच्या खाण्यात सहज जाते, काट्याची भीती नाही. फक्त लहानग्यांसाठीची बिनमिठाची वेगळी सुकवा, आणि कडक उन्हात अ जीवनसत्त्व बरंच उडतं, त्यामुळे सावली धरून सुकवता आली तर उत्तम.

ग्रुपला पटवायला कागद हवा असेल तर जागतिक अन्न व कृषी संघटनेची २०१४ ची छोट्या मासेमारीवरची ऐच्छिक मार्गदर्शक तत्त्वं काढा. त्यात मासळी किनाऱ्याला लागल्यानंतरच्या कामांवर वेगळं प्रकरण आहे, स्त्री-पुरुष समानतेवर वेगळं. व्यापार वाढवताना मासळी हाच ज्यांच्या पोषणाचा आधार आहे त्यांच्या ताटावर परिणाम होऊ देऊ नका, असं सरकारांना सांगितलंय. याच संघटनेच्या २०२३ च्या अहवालात जगातल्या एकूण पकडीत छोट्या मासेमारीचा वाटा किमान ४० टक्के धरलाय, आणि या कामात दर दहा माणसांत चार बायका आहेत. तुमच्या मीटिंगला दहात किती बायका असतात?

धागाकर्ती: मीठभाकर, खरं सांगू का, एकही नसते :( मीटिंग संध्याकाळी ठेवतो, तेव्हा त्या बाजारात असतात. हे आजवर डोक्यातच आलं नव्हतं.

जुनी_होडी दादा, माच लगेच करू, पण उचलीचं काय? ती फेडल्याशिवाय मासळी दुसऱ्याला विकता येत नाही.

जुनी_होडी: एकदम सगळ्यांची फेडायला जाऊ नका, फंड संपेल आणि पुढच्या हंगामात परत उचल घेतील. बायकांचा बचत गट करा, बर्फापुरतं छोटं कर्ज गटातून, फेड मासळी विकली त्याच दिवशी थोडी थोडी. आणि मासळी कमी होऊ नये म्हणाल तर, मादागास्करमधे एका गावाने २००४ मधे खडकाळ पट्ट्याचा एक तुकडा काही महिने ऑक्टोपससाठी बंद ठेवला, उघडल्यावर चांगले मोठे मिळाले, मग आजूबाजूची गावंही तसं करायला लागली. तुमच्याकडे असं झटपट वाढणारं काही असेल तर विचार करा, पण बंदी त्यांनीच ठरवायला हवी, तुम्ही नाही. आणि त्या दिवसांत घर कशावर चालणार ते आधी बोलून घ्या.

धागाकर्ती: बरं. पुढची मीटिंग सकाळी मासळी उतरते तिथेच, त्यांचं निवडणं चालू असतानाच घेते, आम्हीही हात चालवू. दोन माच आधी करून बघतो. कुटलेली पूड किती दिवस टिकते आणि दमट हवेत कशात ठेवायची, हे कोणी सांगेल का?

मीठभाकर: कुटून ठेवूच नका, मासळी अख्खी ठेवा, घट्ट झाकणाच्या डब्यात, आठवड्याला लागेल तेवढीच कुटायची. आणि बोटाने मोडून बघा, वाकली तर परत माचावर, कट्कन तुटली तरच डब्यात.