पानांचे फोटो पीडीएफमध्ये टाकले की ग्रंथालय ऑनलाइन झाले का?

गिरगावकर
मुंबईतली जुनी ग्रंथालये हळूहळू नेटवर येत आहेत, याचा आनंद आहेच. पण बऱ्याच ठिकाणी मराठी पुस्तक म्हणजे पानांचे फोटो एकत्र बांधलेली पीडीएफ असते. तीत शब्द शोधता येत नाही. मोबाइलवर अक्षर मोठे करावे तर ओळ पडद्याबाहेर जाते. पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणाऱ्या स्क्रीन रीडरसाठी तर ते पान कोरेच. अशा पुस्तकांचा आकडा ‘उपलब्ध’ म्हणून सांगणे मला पटत नाही. नवी हजार पुस्तके स्कॅन करण्याआधी आहेत त्यांतली शंभर तरी युनिकोड मजकुरात, म्हणजे कोणत्याही यंत्राला वाचता-शोधता येईल अशा अक्षरांत आणा.

जुनी पाने
साफ असहमत. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून लाकडाच्या लगद्याचा कागद आला. त्यातल्या आम्लाने तो आतून ठिसूळ होतो आणि मुंबईच्या दमट हवेत आणखी लवकर. पान उलटताना कडा हातात येतात, वर वाळवी आहेच. पानच गेले तर युनिकोड कशाचे करणार? ओसीआर, म्हणजे फोटोतली अक्षरे यंत्राकडून ओळखून घेणे, दहा वर्षांनीही करता येईल, स्कॅन नाही. शिवाय ओसीआर स्वस्त पडत नाही. जुन्या खिळ्यांच्या छपाईतली जोडाक्षरे यंत्र हमखास बिघडवते, मग मुद्रितशोधनाला माणूस लागतोच. त्याच माणसाच्या वेळात कितीतरी पुस्तके स्कॅन होऊन वाचतात.

कानाने वाचणारा
मी जन्मांध आहे. ‘नंतर करू’ हे उत्तर आमच्या वाट्याला नेहमीच येते.

जुन्या कागदाचे तुमचे म्हणणे मान्य. पण गेल्या तीसेक वर्षांतल्या पुस्तकांचे काय? ती संगणकावरच टाइप झाली आहेत. युनिकोड नसलेल्या जुन्या फॉन्टमध्ये जुळवून तशीच पीडीएफ काढली, की डोळ्यांना सुरेख मराठी दिसते आणि माझ्या कानावर रोमन अक्षरांची निरर्थक रांग पडते. त्यासाठी फॉन्ट कन्व्हर्टर आहेत, नव्याने टाइप करावे लागत नाही.

आणि पुस्तकापर्यंत पोचायचे तर आधी साइट ओलांडावी लागते. बटणांना लेबल नसते, त्यामुळे ‘बटण, बटण, बटण’ एवढेच ऐकू येते. नोंदणीला चित्रातली अक्षरे ओळखायला सांगतात आणि आवाजाचा पर्याय देत नाहीत. पानाच्या कोडमध्ये ‘भाषा मराठी’ अशी नोंद नसली तर मजकूर भलत्याच भाषेच्या आवाजात वाचला जाऊ शकतो. ही नोंद म्हणजे एका ओळीचे काम. संगणकासाठीचा एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर फुकट मिळतो, फोनवरचा टॉकबॅक बहुतेक अँड्रॉइड फोनमध्ये असतोच. आमच्या बाजूची तयारी झालेली आहे.

व्हीलचेअरवरून
गिरगावकर, मीही अपंग आहे आणि तरी तुमच्याशी सहमत नाही. एशियाटिक सोसायटीचे ग्रंथालय ज्या टाउन हॉलमध्ये आहे, त्याच्या पायऱ्या मला चढता येत नाहीत. एशियाटिकचे ‘ग्रंथ संजीवनी’ हे ऑनलाइन ग्रंथालय घरी उघडते तेव्हा पानाचा फोटोही मला पुरतो. स्कॅनिंग थांबवून शंभर पुस्तके शुद्ध करत बसलात, तर नेमके मला हवे ते पुस्तक कपाटातच राहील.

पार्ल्याची लेक
माझ्या वडिलांची नजर उतारवयाने मंदावली आहे. ग्रंथालयांच्या साइटवर पांढऱ्यावर फिकट करडी अक्षरे, दोन ओळींत अंतर इतके कमी की वरचे अनुस्वार आणि खालचे उकार एकमेकांत शिरतात. डब्ल्यूसीएजी या वेबसाइट सुलभतेच्या आंतरराष्ट्रीय निकषांच्या एए पातळीवर साध्या मजकुरासाठी किमान ४.५ : १ कॉन्ट्रास्ट मागितला आहे. निदान रंग तरी बदला, त्याला ना स्कॅनर लागतो ना मुद्रितशोधक.

जुनी पाने
रंग, लेबल, भाषेची नोंद यांबद्दल वाद नाही, ते उद्या करा. पण अलीकडच्या पुस्तकांचा मजकूर खुला केला की प्रताधिकार आडवा येतो. लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षे तो टिकतो. प्रकाशकाची नोटीस आली तर छोटे ग्रंथालय कुठून लढणार?

कानाने वाचणारा
सगळ्यांसाठी खुला करा असे मी म्हणतच नाही. २०१२ च्या दुरुस्तीपासून प्रताधिकार कायद्याच्या कलम ५२ मध्ये दिव्यांगांसाठी सुलभ प्रत करायला सूट आहे, वेगळी परवानगी लागत नाही. अशा प्रतींचे ‘सुगम्य पुस्तकालय’ हे ऑनलाइन ग्रंथालय २०१६ पासून सुरू आहे. त्याच वर्षीच्या दिव्यांग हक्क कायद्याचे कलम ४२ छापील, ध्वनी आणि इलेक्ट्रॉनिक माध्यमांतला मजकूर सुलभ असण्याबद्दलच आहे, आणि ३० एप्रिल २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सुलभता ही राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग मानली. नोटिशीची भीती दाखवून दार बंद ठेवू नका.

गिरगावकर
मग किमान एवढे व्हावे: पुस्तकाची नोंद, शीर्षक आणि अनुक्रमणिका युनिकोडमध्ये असल्याशिवाय काहीच चढवू नये, आणि प्रत्येक फोटोमागे यंत्राने ओळखलेला कच्चा मजकूर ठेवावा. वाचक दुरुस्त करत जातील.

जुनी पाने
कच्चा मजकूर धोक्याचा. कोणीतरी तोच उतरवून लेखकाच्या नावावर चुकीचे वाक्य खपवेल.

कानाने वाचणारा
एखादा शब्द चुकला तर संदर्भावरून मी सावरतो. फोटोवरून मला काहीच सावरता येत नाही.

जुनी पाने
‘यंत्राने ओळखलेला, न तपासलेला मजकूर’ अशी सूचना प्रत्येक पानावर, स्क्रीन रीडरलाही ऐकू येईल अशी असेल, तर माझी हरकत नाही. स्कॅनर मात्र थांबवू देणार नाही.