मदत हवी आहे: सगळ्यात जास्त गोल मारूनही मँचेस्टर सिटी खाली कशी गेली? (मोसम 1937-38)

तिकटीवरचा:

मंडळी, एका जुन्या पॉइंट टेबलात अडकलोय. जाणकारांनी सोडवावं.

आमचा भाचा अकरावीत आहे, मँचेस्टर सिटीचा कट्टर. त्याच्या लेखी क्लबचा इतिहास अलीकडच्या स्ट्रायकर अग्वेरोपासून सुरू होतो. रविवारी जेवताना मी सहज म्हटलं, "अरे, अग्वेरोनं 2017 ला नेपोलीविरुद्ध क्लबचा जो गोलांचा विक्रम मोडला तो एरिक ब्रुकचा होता, 177 गोलांचा. आणि ब्रुकची टीम चॅम्पियन झाल्यावर पुढच्याच वर्षी खालच्या डिव्हिजनला गेली होती." हातातली भाकरी ताटात ठेवून पोरगं म्हणालं, "मामा, काहीही हं."

मग मी पेटलो. 1936-37 चं टेबल काढून दाखवलं: सिटी पहिली, 42 सामन्यांत 22 विजय, 13 बरोबरी, 7 पराभव, 57 गुण, 107 गोल. मग 1937-38 चं: 14 विजय, 8 बरोबरी, 20 पराभव, 36 गुण, 22 टीममध्ये 21 वी. शेवटच्या दोन खाली जायच्या, त्यात ही. इथपर्यंत मामाची कॉलर ताठ होती.

पण पोरानं गोलांच्या रकान्यावर बोट ठेवलं. सिटीचे 80 गोल. अख्ख्या फर्स्ट डिव्हिजनमध्ये (तेव्हाची सगळ्यात वरची लीग) इतके कुणाचेच नाहीत! एव्हर्टन 79, त्या वर्षीची चॅम्पियन आर्सेनल 77. सिटीनं खाल्ले 77, म्हणजे गोलफरकसुद्धा अधिक 3. "मग खाली गेली कशी?" मी ठोकून दिलं की तेव्हा गोलफरक नव्हता, गोल अ‍ॅव्हरेज होतं, त्यात मार खाल्ला.

आता शंका. मी ठोकून दिलं ते खरं आहे का? दुसरं म्हणजे, विजयाला तेव्हाच्या 2 ऐवजी आजचे 3 गुण धरून एक्सेल शीट केली, तर सिटी वाचतेय आणि बर्मिंगहॅम तळाला जातेय. खऱ्या टेबलात बर्मिंगहॅम 18 वी आहे! शिवाय स्टोक, पोर्ट्समथ आणि ग्रिम्सबी या तिघींच्या ओळी हुबेहूब सारख्या दिसतायत. फॉर्म्युला गंडलाय की कॉपी-पेस्ट?

आणि आकडे बाजूला ठेवून, त्या टीमला झालं तरी काय होतं? पीटर डोहर्टी, ब्रुक, अ‍ॅलेक हर्ड, गोलमध्ये फ्रँक स्विफ्ट, सगळे होते की जागेवर.

गोलपोस्टमागे:

भाच्याची माफी मागा :)

गोल अ‍ॅव्हरेज म्हणजे केलेले गोल भागिले खाल्लेले गोल. सिटी 80 भागिले 77, म्हणजे 1.039. तळाच्या वेस्ट ब्रॉमविचचे 74 आणि 91, म्हणजे 0.813. दोघींचे गुण 36. त्यामुळं सिटी 21 वी आणि वेस्ट ब्रॉमविच 22 वी, एवढंच काय ते गोल अ‍ॅव्हरेजनं ठरवलं. दोघींनाही जायचंच होतं. 20 व्या नंबरची ग्रिम्सबी 38 गुणांवर होती. सिटीला 2 गुण कमी पडले, विषय संपला.

उलट गोल अ‍ॅव्हरेज ही सिटीची जमेची बाजू होती. स्टोक, बर्मिंगहॅम, पोर्ट्समथ, ग्रिम्सबी अशा चार टीम 38 वर अडकल्या होत्या आणि चौघींनीही मारले त्यापेक्षा जास्त खाल्ले होते. सिटीनं आणखी एक सामना काढला असता तरी ती या चौघींच्या वर बसली असती.

तो एक सामना कुठला तेही सांगतो. मोसमाचा शेवटचा दिवस, 7 मे 1938, हडर्सफील्डच्या मैदानावर. हडर्सफील्ड आदल्याच शनिवारी वेम्बलीवर एफए कपची (लीगपेक्षा वेगळी, बाद पद्धतीची स्पर्धा) फायनल हरून आलेली, तीही जादा वेळेच्या शेवटच्या मिनिटाला, प्रेस्टनच्या जॉर्ज मचनं मारलेल्या पेनल्टीवर. म्हणजे पाय जड आणि मन त्याहून जड. सिटीला अशी गिऱ्हाईकं नेहमी मिळत नाहीत. निकाल: हडर्सफील्ड 1, सिटी 0.

अंतिम टेबलावरून उलटा हिशोब करून बघा. हडर्सफील्ड 39 वर संपली. सामना बरोबरीत सुटला असता तर हडर्सफील्ड 38, सिटी 37, म्हणजे सिटी गेलीच असती. सिटी जिंकली असती तर सिटी 38, हडर्सफील्ड 37 आणि खाली हडर्सफील्ड. ज्या टीमनं वर्षभर गोलांचा पाऊस पाडला तिला त्या दिवशी एकही सापडला नाही.

आडवा_पास:

फॉर्म्युला बरोबर आहे, कॉपी-पेस्टही बरोबर आहे. स्टोक, पोर्ट्समथ, ग्रिम्सबी तिघींचेही खरोखर 13 विजय, 12 बरोबरी, 17 पराभव. एवढंच कशाला, सिटी आणि वेस्ट ब्रॉमविचचा रेकॉर्डही एकसारखाच आहे, 14-8-20.

बर्मिंगहॅमचं म्हणाल तर तिचे फक्त 10 विजय, पण 18 बरोबऱ्या. 22 टीममध्ये सगळ्यात कमी विजय तिचेच. विजयाला 2 गुण असताना बरोबरी म्हणजे अर्धा विजय. त्या भांडवलावर तिनं 38 जमवले. 3 गुण धरले की बरोबरीची किंमत एक तृतीयांशावर येते आणि बर्मिंगहॅम 48 वर कोसळते. सिटी 50, वेस्ट ब्रॉमविच 50, वरच्या तिघी 51. सिटी आणि वेस्ट ब्रॉमविचमध्ये गोलफरक लावा किंवा गोल अ‍ॅव्हरेज, सिटीच वर. म्हणजे 20 वी. वाचली!

अर्थात हे कागदावर. इंग्लंडमध्ये 3 गुण आले 1981 साली. 1938 मध्ये ते असते तर बर्मिंगहॅम शेवटची वीस मिनिटं बरोबरी राखत बसली नसती.

टेबल किती दाटीवाटीचं होतं तेही भाच्याला दाखवा. पहिली आर्सेनल 52 वर, शेवटची वेस्ट ब्रॉमविच 36 वर. पहिल्या आणि शेवटच्या नंबरात अंतर फक्त 8 विजयांचं.

जुनी_शिट्टी:

तिसऱ्या प्रश्नाबद्दल थोडं. माझ्या मते प्रश्नच उलटा विचारायला हवा: 1937-38 ला काय बिघडलं यापेक्षा 1936-37 ला काय जमलं?

त्या चॅम्पियन वर्षात सिटी ख्रिसमसनंतर एकही सामना हरली नाही, ओळीनं 22. एप्रिलमध्ये आर्सेनलला 2-0 हरवलं आणि शेफील्ड वेन्सडेला 4-1 हरवून लीग खिशात घातली. पण 42 मधून 22 वजा करा. वर्षभराचे सातच्या सात पराभव पहिल्या 20 सामन्यांतले आहेत. म्हणजे ख्रिसमसपर्यंत ती जेमतेम बरी टीम होती. मग चार महिने डोहर्टीच्या अंगात आलं. 10,000 पाउंड मोजून ब्लॅकपूलकडून आणलेला हा पोरगा त्या वर्षी लीगमध्ये 30 गोल मारून बसला, ब्रुकचे 20. आपण ते चार महिने लक्षात ठेवतो.

पुढच्या वर्षीचे आकडे बघा. घरच्या मैदानावर, मेन रोडला, आदल्या वर्षी 21 मध्ये एकच पराभव. या वर्षी 7. बाहेर आदल्या वर्षी 7 विजय. या वर्षी 21 सामन्यांत फक्त 2. मारलेले गोल 27 नं घटले, खाल्लेले 16 नं वाढले. गोल करणारी फळी थोडी बोथट झाली तरी लीगमध्ये सगळ्यात धारदार तीच राहिली. पण मागचं दार सताड उघडं. आमच्या पेठेत अशा टीमला म्हणायचे, "पुढं वाघ, मागं बाग."

मे 1937 मधल्या जर्मनी दौऱ्यानं टीम दमली असं म्हणणारेही भेटतात. मला पटत नाही. मे महिन्यात दमलेला माणूस पुढच्या मे महिन्यापर्यंत दमलेला राहत नाही. शिवाय याच मोसमात, नोव्हेंबर 1937 ला, सिटीनं संडरलंडला 2-0 हरवून चॅरिटी शील्ड (लीग चॅम्पियन आणि एफए कप विजेत्यांमधला सामना) जिंकली आणि एफए कपातही शेवटच्या आठांत गेली. दमलेल्या टीमची ही लक्षणं नव्हेत.

अवांतर: शेजाऱ्यांची गंमत. सिटी चॅम्पियन झाली त्याच वर्षी मँचेस्टर युनायटेड खाली गेली होती. सिटी खाली गेली त्या वर्षी युनायटेड वर आली, आणि तीही कशावर? गोल अ‍ॅव्हरेजवर! शेफील्ड युनायटेडचेही 53, यांचेही 53, पण यांचं 82-50 आणि त्यांचं 73-56. तुमच्या डोक्यात गोल अ‍ॅव्हरेज बहुतेक इथून शिरलं असावं.

तिकटीवरचा:

सगळ्यांचे मनापासून आभार. जुनी_शिट्टी, बरोबर ओळखलंत, दोन मँचेस्टरांची खिचडी झाली होती माझी.

माफी मागून झाली. शीट दाखवली, 3 गुणांत सिटी कशी वाचते ते सांगितलं, पोरगं खूश. दोन मिनिटांनी परत आलं. "मामा, गुण आजचे धरलेत ना? मग खाली जाणाऱ्या टीम पण आजच्याच धरा. दोन नाही, तीन." तीन टीम खाली जायचा नियम 1973-74 पासूनचा. शीटमध्ये शेवटून तिसरी, 20 वी: मँचेस्टर सिटी. आजच्या नियमानंही गेलीच म्हणायची! आपल्याच टीमला स्वतःच्या हातानं खाली ढकलल्यावर पोरगं थोडा वेळ गप्प बसलं होतं.

आता त्याला 1938-39 हवंय. सेकंड डिव्हिजनमध्ये 96 गोल मारूनही सिटी 5 वी आली, एवढं माझ्याकडं आहे. त्या वर्षीच्या वरच्या चौघींचे विजय-बरोबरी-पराभव कुणाकडं असतील तर टाका, रविवारच्या आत.