लेझरनं दातांची झीज कमी होते, पण कोणती?
‘एकदा लेझर मारलं की दात झिजायची चिंता मिटली’ असं कुणी म्हटलं, तर ते अर्धंच खरं. कार्बन डायऑक्साइड लेझरच्या उष्णतेनं इनॅमलमधलं (दातावरच्या कडक आवरणातलं) कार्बोनेट, म्हणजे आम्लात लवकर विरघळणारा भाग, कमी होतं, म्हणून ते आम्लात सहज विरघळत नाही. जोडीला फ्लोराइड असेल तर आणखी बरं. पण घासून होणाऱ्या झिजेचं काय?

आमची अंबाजोगाईची मावशी 40 वर्षं तव्यावर भाजलेली मिश्री बोटानं खसाखसा घासायची, वरून चिंच चघळायची. हिरडीपाशी दातांना खाचा पडल्या, माठातलं पाणी प्यालं की कळ थेट डोक्यात. डॉक्टरांनी आधी मिश्री सोडवली, मग खाचा भरल्या. लेझरचं विचारलं तर म्हणाले, गेलेलं इनॅमल त्यानं परत येत नाही. मिश्री सुटली, चिंच काही सुटली नाही.