जहाजावरच्या 'सिटाडेल'ला मराठीत काय म्हणावं?

निपाणीकर: भाचा मालवाहू जहाजावर आहे, आता एडनच्या आखाताकडून जाणार. तिथले नियम अक्काला मराठीत लिहून देतोय. 'सिटाडेल'पाशी अडलोय. चाचे जहाजावर चढलेच तर सगळ्यांनी आत शिरून दार लावून घ्यायची ती मजबूत जागा. कोशात 'बालेकिल्ला' मिळाला. चालंल काय?

शहापूरकर: नको. फारसी 'बाला' म्हणजे वर, बालेकिल्ला गडाच्या माथ्यावर असतो. ही जागा पुष्कळ जहाजांत खाली, इंजिनाकडं असते. त्यात आपल्याकडं बालेकिल्ला म्हटलं की निवडणूकच आठवतीय.

खानापूरकर: मी बोटीवर होतो. तिथं सगळे सिटाडेलच म्हणतात. अक्कांना नाव राहू दे, काम सांगा. आत अन्न, पाणी, औषधं लागतात आणि नौदलाशी बोलता येईल असं यंत्र. एकजण जरी बाहेर राहिला तरी सगळं फुकट. त्याला ओलीस धरलं की नौदलाचे हात बांधले जातात. म्हणून आधी डोकी मोजायची, मग दार. जानेवारी 2024 मध्ये सोमालियाजवळ 'लीला नॉरफोक'चे 21 जण असेच आत बसले होते, त्यातले 15 भारतीय. 'आयएनएस चेन्नई'वरचे मार्कोस, म्हणजे आपल्या नौदलाचे कमांडो चढले, तोवर चाचे निघून गेले होते. सगळे सुखरूप सुटले.

चिकोडीकर: मुळात 'चाचे'च नको वाटतंय. कन्नड पेपरात 'कडल्गळ्ळरु' येतंय, समुद्रचोर, फोड करून सांगायला लागत नाही. आपला 'चाचा' वाचून पोरगं विचारतंय, कुणाचा काका?

शहापूरकर: एकवचनाची तेवढी अडचण आहे खरी. पण चोर लपून येतो, हे बंदुका घेऊन शिडी लावतात. शिवाय कायद्यात चाचेगिरीची व्याख्या नेमकी आहे. 1982 च्या सागरी कायदा कराराचं कलम 101 बघा: खासगी हेतूसाठी, खुल्या समुद्रात, एका जहाजावरून दुसऱ्यावर हल्ला. किनाऱ्यापासून 12 सागरी मैलांच्या आत झाला तर तो सशस्त्र दरोडा. खलाशांनी आपलंच जहाज बळकावलं तर बंड.

निपाणीकर: बरं, चाचे ठेवतो. खोलीला 'आसरा' लिहू?

खानापूरकर: अहो, पाण्याच्या गोष्टीत आसरा? अक्कांना साती आसरा आठवतील, रात्रभर झोपणार नाहीत. 'सुरक्षित खोली' लिहा आणि पुढं सिटाडेल. चाच्यांना चढता येऊ नये म्हणून कठड्याला तार लावतात, तिला काय लिहिलंय?

निपाणीकर: काटेरी तार.

खानापूरकर: ती शेताच्या कुंपणाची. 'पात्यांची तार' करा.