सातवीत आली की मुलं वाचायचं सोडतात, काय करावं?

भाषेचा_तास:
नमस्कार, मी सहावी ते आठवीला भाषा शिकवते. चौथीपर्यंत हातातून पुस्तक न सोडणारी मुलंसुद्धा सातवीत आली की वाचनापासून लांब पळतात, हे दरवर्षी बघतेय. वाचता येत नाही असं नाही, धडा घडाघडा वाचतात, पण स्वतःहून पुस्तक उचलत नाहीत. शाळेने वाचन-नोंदवही सुरू केलीय, रोज किती पानं वाचली, तात्पर्य काय, खाली पालकांची सही, आणि सगळ्यात जास्त पानं वाचणाऱ्याला बक्षीस. आता मुलं पातळ पुस्तकं शोधतात, मागच्या कव्हरवरचा मजकूर तात्पर्य म्हणून उतरवतात आणि आठवड्याच्या सह्या एकदम घेऊन येतात. एक मुलगा तर वाचनाच्या तासाला जाडजूड कादंबरी उघडून बसतो, मधूनमधून पान उलटतो, नजर मात्र खिडकीबाहेर. फार काळजी वाटते त्याची. बक्षीस मोठं करूया असं बाकीचे शिक्षक म्हणतायत, तुम्हाला काय वाटतं?

कपाटाची_किल्ली:
बक्षीस मोठं करू नका प्लीज. १९७३ साली लेपर, ग्रीन आणि निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी बालवाडीतल्या मुलांवर एक प्रयोग केला होता. ज्यांना चित्रं काढायची मुळातच आवड होती त्यातल्या काहींना आधीच सांगितलं की चित्र काढलंस तर सर्टिफिकेट मिळेल, आणि पुढे मोकळ्या वेळात हीच मुलं बाकीच्यांपेक्षा कमी चित्रं काढायला लागली. न सांगता अचानक सर्टिफिकेट दिलेल्यांचं तसं झालं नाही. म्हणजे 'यासाठी ते' असा सौदा झाला की गोडी जाते. मी शाळेचं ग्रंथालय सांभाळते, माझ्या मते निवड मुलांच्या हातात द्या, खरंच द्या, म्हणजे कॉमिक्स, खेळाडूंची चरित्रं, भुताच्या गोष्टी, बुडालेल्या जहाजांच्या हकिगती, सगळं चालेल. ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयाचे पाच नियम मांडले, त्यात प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक मिळावं असा एक आहे, आणि या वयात तोच सगळ्यात जास्त मोडला जातो. अर्धवट सोडलेलं पुस्तक परत आलं तर कारण विचारत बसू नका, दुसरं द्या. आणि मालिकेतला पहिला भाग आवडला की दुसऱ्यासाठी मूल आपणहून येऊन उभं राहतं.

मागचा_बाक:
वरच्या ताईंशी सहमत, पण नुसतं पुस्तक देऊन गप्प बसवलं की झालं असं नाही. २००० साली अमेरिकेच्या नॅशनल रीडिंग पॅनेल या तज्ज्ञ समितीने तोवरचे अभ्यास तपासले आणि वर्गात नुसतं मूक वाचन करायला लावल्याने वाचन सुधारतं याला पुरेसा पुरावा नाही असं सांगितलं. वाचू नका असं नव्हतं म्हटलं हं! माझ्या वर्गात मुलं वाचत असतात तेव्हा मी वह्या तपासत नाही, एकेकाच्या शेजारी दोन मिनिटं जाऊन बसतो, हळू आवाजात म्हणतो, आत्ता कुठे पोचलायस, तुला आवडलेला एक परिच्छेद वाचून दाखव. तात्पर्य नाही, मार्क नाहीत. कुठे अडखळतोय ते लगेच कळतं. तुमच्या त्या मुलाला बहुतेक ते पुस्तक झेपत नाहीये आणि चारचौघांत सोपं पुस्तक घेऊन बसायची लाज वाटत असणार. त्याला बाजूला घेऊन पाच बोटांची युक्ती शिकवा, कुठलंही एक पान वाचायचं, अडलेल्या शब्दाला एक बोट मिटायचं, पान संपायच्या आत पाचही मिटली तर ते पुस्तक सध्या राहू द्यायचं. दिसायला मोठ्या मुलांचं पण भाषा सोपी अशी पुस्तकं त्याच्यासाठी वेगळी काढून ठेवा, अगदी पहिल्यांदा हेच करा.

आठवीची_आई:
पालक म्हणून एकच, सही मागणं बंद करा. सहीपायी रोज रात्री घरात भांडण, आणि पुस्तक म्हटलं की आता तिला तेच आठवतं. मुलगी मोठी झाली तरी मी तिला अजून मोठ्याने वाचून दाखवते, उत्कंठा वाढली की थांबते, पुढचं ती एकटी वाचून काढते.

भाषेचा_तास:
सगळ्यांचे मनापासून आभार. सही आणि तात्पर्य दोन्ही काढून टाकायचं मुख्याध्यापकांशी बोलते. एक राहिलं, ऑडिओबुक ऐकलं तर ते वाचन धरायचं का?

मागचा_बाक:
धरा की. त्या मुलाला तर ऐकता ऐकता पुस्तक समोर उघडं ठेवायला सांगा, शब्द कानावर पडत असताना डोळ्यांखालून गेले की अडखळणं कमी होतं.